आरोग्य-चर्चा : रक्ताचा दोष कीं चुलीचा धूर ?

“आमच्या घराण्यांतच छाती कमजोर” हें वाक्य ज्या घरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें घर विरळाच. आजोबांना धाप लागे, थोरल्या काकांना लागे, आतां वडिलांना लागूं लागली आहे. तेव्हां तें आपल्याही वांट्याला येणारच, अशी मनाची समजूत घालून माणसें स्वस्थ बसतात. आणि स्वस्थ बसण्याला शास्त्राचा आधार मिळाला म्हणजे मग विचारावयासच नको. आनुवंशिकतेविषयीं अलीकडे वर्तमानपत्रांतून इतकें सैलपणानें लिहिलें जातें कीं, पूर्वीं जेथें ‘नशीब’ म्हणत तेथें आतां ‘जनुक’ म्हणूं लागले आहेत, एवढाच काय तो फरक.

वास्तविक येथें प्रश्न दोन आहेत. विकार कोणास होईल हा एक. झालेला विकार पुढें कोणत्या गतीनें जाईल हा दुसरा. ज्या घरांत रोगी आहे त्या घराचा सारा जीव दुसऱ्या प्रश्नांत अडकलेला असतो, आणि आरोग्यविषयक लेख मात्र बहुधा पहिल्यावरच संपतात. म्हणून या अंकीं आम्ही दुसऱ्याकडे अधिक लक्ष देणार आहों.

तत्पूर्वीं एक जुनी गोष्ट ध्यानांत ठेवणें बरें. क्षय हा घराण्याचा रोग अशी समजूत आपल्याकडे होती, तशी युरोपांतही होती. एकाच घरांतून आई, मग मुलगी, मग धाकटा मुलगा अशीं माणसें जातांना दिसत. दुसरा तर्क कोण करणार? २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं त्या रोगाचा जंतु दाखविला, आणि घराण्याचा म्हणून समजलेला रोग खोलीचा ठरला. एका खोलींत, एकमेकांच्या उशाशीं निजणाऱ्यांना तो लागत होता. तरीही ‘त्या घरांत क्षय आहे’ एवढ्यावरून मुलींचीं लग्नें मोडण्याचें त्यानंतरही पुष्कळ वर्षें थांबलें नाहीं. एका घरांत एक रोग वारंवार दिसला म्हणजे तो रक्तांतूनच आला असें म्हणण्याची घाई करूं नये, हें आम्ही पुढें जें सांगणार आहों त्याच्या आधीं सांगून ठेवतों.

आतां याच्या उलट बाजूचें उदाहरण पाहूं. स्वीडनच्या दक्षिण टोकाला माल्मो नांवाचें शहर आहे. तेथील रुग्णालयांत कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्ताच्या रासायनिक परीक्षेचें काम पाहत. रक्तरसांतील प्रथिनें कागदाच्या पट्टीवर ठेवून विजेचा प्रवाह सोडला असतां तीं आपापल्या वेगानें पुढें सरकतात व त्यांचे निरनिराळे पट्टे उमटतात. अशा सुमारें दीड हजार पट्ट्या पाहतां पाहतां लॉरेल यांच्या ध्यानांत आलें कीं, पांच पट्ट्यांवर ‘अल्फा-१’ हा पट्टा जवळजवळ उमटलेलाच नाहीं. दुसरा एखादा ‘पट्टी नीट उठली नाहीं’ म्हणून ती केराच्या टोपलींत टाकता ! लॉरेल यांनीं स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरांना हाताशीं घेऊन त्या पांच माणसांचा शोध केला. पांचांपैकीं तिघांच्या फुप्फुसांना एम्फिसीमा हा विकार जडलेला होता. म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजून जाऊन फुप्फुसें फुगलेल्या, निर्जीव पिशवीसारखीं झालीं होतीं. १९६३ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या एका जुनाट विकाराचें मूळ रक्तांतल्या एका नेमक्या दोषाशीं जोडून दाखविण्यांत आलें, तें येथें.

दोषाचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. फुप्फुसांत जंतु शिरले कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें धांवतात. त्यांच्याजवळ इलास्टेज नांवाचें एक तीक्ष्ण पाचक द्रव्य असतें. शत्रूचा फडशा पाडण्यास तें उपयोगी; परंतु काम झाल्यावर तें आवरलें नाहीं तर फुप्फुसाचे लवचीक तंतूही तें खाऊं लागतें. भाजी चिरून झाली कीं विळी आडवी करून ठेवावी, ही शिस्त आपल्या घरांतील मुलींना लहानपणींच लागते. तीच शिस्त शरीरांत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नांवाचें प्रथिन पाळतें. हें प्रथिन यकृतांत तयार होतें आणि रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन पोंचतें. त्याच्या नांवांत ट्रिप्सिन असलें तरी त्याचें मुख्य काम इलास्टेजला आवरण्याचें आहे.

हें प्रथिन म्हणजे ३९४ दुव्यांची एक साखळी होय. तिच्यांतील ३४२ वा दुवा बदलला, ग्लुटामिक आम्लाच्या जागीं लायसीन आलें, एवढ्यानें सारा अनर्थ होतो. निर्दोष रूपाला ‘एम’ व या सदोष रूपाला ‘झेड’ अशीं अक्षरें दिलेलीं आहेत. मूल एक प्रत आईकडून व एक बापाकडून घेतें. दोन्ही प्रती ‘झेड’ आल्या तर रक्तांत हें प्रथिन नेहमींच्या मानानें शेंकडा १० ते १५ इतकेंच राहतें. गंमत अशी कीं, यकृत तें करावयाचें सोडीत नाहीं. पण घडी चुकल्यामुळें एका रेणूचा पदर दुसऱ्यांत अडकतो, त्यांच्या माळा बनतात आणि त्या यकृतांतच सांचून राहतात. हा प्रकार केंब्रिजच्या संशोधकांनीं १९९२ सालीं उलगडून दाखविला. म्हणून या दोषाच्या कांहीं अर्भकांना कावीळ होते, कांहीं प्रौढांचें यकृत निबर होतें, आणि तिकडे फुप्फुसें पहाऱ्यावांचून उघडीं पडतात. एके ठिकाणीं कोठार तुंबलेलें आणि दुसरीकडे दुष्काळ !

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, मग ज्याच्या वांट्याला दोन ‘झेड’ आले त्याचें भवितव्य ठरूनच गेलें. तसें मुळींच नाहीं, आणि आमच्या मतें माल्मोच्या साऱ्या कथेंतील बहुमोल भाग हाच आहे. स्वीडनमधील अशा माणसांची वर्षानुवर्षें नोंद ठेवण्यांत आली. त्यांपैकीं जे तंबाखूचा धूर ओढीत त्यांना चाळिशीच्या आसपास धाप लागूं लागली. जे ओढीत नव्हते त्यांना पन्नाशी उलटल्यावर. दोष तोच, अक्षरें तींच, आणि मध्यें दहा-बारा वर्षांचें अंतर ! इतकेंच नव्हे, तर ज्यांनीं जन्मांत धूम्रपान केलें नाहीं व ज्यांचा दोष रोग होऊन नव्हे तर नातेवाइकाच्या तपासणीवरून कळला, अशांचें आयुर्मान त्या देशांतील इतर लोकांच्या आयुर्मानाच्या जवळपासच भरलें. धुराचें येथें इतकें महत्त्व कां, याचेंही कारण सांपडलें आहे. अँटिट्रिप्सिनच्या साखळींत ३५८ व्या जागीं मेथिओनीन नांवाचा जो दुवा आहे तोच इलास्टेजला पकडणारा आंकडा होय. तंबाखूच्या धुरानें तो गंजतो. ज्याच्याजवळ पहारेकरी मुळांत दहांत एकच, त्याच्या त्या एकाचाही हात धुरानें बांधला जातो.

हें जाणून स्वीडन सरकारानें १९७२ ते १९७४ या काळांत सुमारें २ लाख नवजात अर्भकांचें रक्त या दोषासाठीं तपासलें. हेतु चांगला, परंतु कार्यक्रम पुढें बंद करावा लागला. निरोगी, गुटगुटीत बाळ पाळण्यांत हसत आहे आणि आईच्या हातीं कागद आला आहे कीं याच्या रक्तांत दोष आहे. त्या आयांच्या मनावर झालेला परिणाम पाहून डॉक्टर मंडळी चपापलीं. उलटपक्षीं हींच मुलें मोठीं झाल्यावर त्यांच्यांत धूम्रपान करणाऱ्यांचें प्रमाण बरोबरीच्या इतर मुलांहून कमी आढळलें, हेंही खरें. कळणें हितकर कीं न कळणें, या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें एकाच प्रयोगांतून निघालीं. आम्हांस असें वाटतें कीं, कळल्यावर कांहीं करतां येत असेल तर कळावें. परंतु कळविण्याची रीत ही औषधाइतकीच जपून योजावी.

औषधाबद्दल थोडक्यांत : दात्यांच्या रक्तरसांतून हें प्रथिन काढून दर आठवड्यास शिरेवाटे देण्याची पद्धत अमेरिकेंत १९८७ सालापासून मान्य आहे. फुप्फुसांची झीज त्यानें मंदावते, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत छायाचित्रांवरून दिसून आलें. गेलेलें फुप्फुस तें परत आणीत नाहीं, आणि खर्च सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचा आहे.

आमच्या वाचकांनीं मात्र हें वाचून उद्यांच रक्त तपासावयास धांवूं नये. ‘झेड’ हा दोष मुख्यत्वें युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. आपल्या देशांत तो दुर्मिळ आहे. तरुण वयांत, धूम्रपान नसतां, एम्फिसीमा झाला, किंवा त्याच घरांत यकृताचा विकारही दिसला, तर डॉक्टरांना या परीक्षेची आठवण करून देणें योग्य. तीही तापांत किंवा छातींत कफ दाटला असतां करूं नये, कारण त्या वेळीं हें प्रथिन तात्पुरतें वाढतें आणि परीक्षा फसवी ठरते.

हा दोष दोन्हीकडून यावा लागतो, यावरून एक आनुषंगिक विचार सुचतो. सगोत्र विवाह टाळला म्हणजे रक्त दूरचें झालें, अशी आपल्याकडे समजूत आहे. गोत्र हें बापाच्या बाजूनें मोजलें जातें. मामाची मुलगी भिन्न गोत्राची असते, म्हणून देशस्थांत व दक्षिणेकडे ती चालते. परंतु आते-मामेभावंडांच्या रक्तांत एकअष्टमांश वांटा समाईक असतो. ज्या दोषाला दोन प्रती लागतात त्या दोषाच्या दृष्टीनें गोत्राची भिंत अर्धीच बांधलेली आहे. दोन्ही आईबाप एकेक सदोष प्रत बाळगून असतील तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत दोष पुरा उतरण्याचा संभव चारांत एक. चार मुलांपैकीं नेमकें एकच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळीं फांसे नव्यानें टाकले जातात.

आतां दुसऱ्या एका विकाराकडे वळूं. त्याचें आपल्या इकडे अधिक काम पडतें. पल्मनरी फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसांत जागोजाग वण पडून तीं घट्ट होत जाणें. वाळलेल्या स्पंजासारखीं तीं फुलत नाहींत. कोरडा खोकला येतो, जिना चढतांना धाप लागते, पाठीवर नळी ठेवली असतां चरचर ऐकूं येते. ज्यांत कारण सांपडत नाहीं असा प्रकार बहुधा साठीनंतर दिसतो, आणि निदानापासूनचें आयुष्य सरासरीनें ३ ते ५ वर्षांचें धरलें जात असे. २०१४ सालापासून पिरफेनिडोन व निन्टेडानिब या दोन औषधांनीं त्याची गति मंदावतां येऊं लागली आहे. दोन्ही औषधें आपल्याकडे मिळतात.

या विकारांत रक्ताच्या वांट्याचे दोन धागे सांपडले आहेत आणि दोन्ही परस्परांहून भिन्न वागतात. पहिला धागा २०११ सालीं हातीं आला. कफाला चिकटपणा देणारें एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकाचें नांव एम्.यू.सी.५बी. या जनुकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे तो चालूबंद होण्याच्या जागीं, कांहीं लोकांत एक बारीकसा फरक असतो. त्यामुळें फुप्फुसाच्या लहान नळ्यांत हें द्रव्य अधिक स्रवतें. युरोपीय वंशाच्या दर पांच माणसांत सुमारें एकाजवळ हा फरक आहे. फायब्रोसिसच्या रोग्यांत पाहावें तर निम्म्याहून अधिकांजवळ. अर्थात् रोगाचा संभव त्यानें कितीएक पटींनीं वाढतो. परंतु मूळ रोगच विरळा असल्यामुळें, हा फरक बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांना जन्मभर कांहींही होत नाहीं. ‘संभव वाढला’ आणि ‘होणारच’ यांत केवढें अंतर आहे, तें याहून चांगलें कोणत्या उदाहरणानें सांगावें ?

पुढें २०१३ सालीं याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढें आली. रोग झालेल्यांपैकीं ज्यांच्याजवळ हा फरक होता ते, ज्यांच्याजवळ नव्हता त्यांच्याहून अधिक काळ जगत होते. रोग आणणारा तोच रोग्यास तारणारा ! वृत्तपत्रांना असा मजकूर फार आवडतो. परंतु गणिती लोकांनीं शंका काढली. ज्याच्या रक्तांत हा फरक नाहीं त्याला रोग झाला, याचा अर्थ त्याच्या बाबतींत दुसरीं कोणतीं तरी जबर कारणें एकत्र आलीं असलीं पाहिजेत. आणि तीं कारणेंच त्याला लवकर नेत असतील. रोग्यारोग्यांचीच तुलना केली कीं ही फसगत होते. तिचा हिशेब धरून २०१९ सालीं गणित पुन्हां मांडलें, तेव्हां हा तारक गुण नाहींसा होऊन उलटी बाजू दिसूं लागली. हा वाद आम्ही मुद्दाम सांगितला. रक्ताच्या परीक्षेचा एखादा कागद हातांत घेऊन कोणी आयुष्याचीं वर्षें सांगूं लागला, तर ज्योतिष्याचे आंकडे आणि त्याचे आंकडे यांत किती अंतर आहे याची चौकशी करण्याचा हक्क आपणांस आहे.

दुसरा धागा अधिक कठोर आहे. प्रत्येक पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नांवाचें आवरण असतें. उपरण्याच्या टोकाच्या दशांना पीळ देऊन गांठी मारतात, त्या सुटल्या कीं वस्त्र विसकटूं लागतें, तसेंच हें. पेशी दुभंगली कीं दर वेळीं हीं टोकें थोडीं झिजतात, आणि टेलोमरेज नांवाचें द्रव्य तीं पुन्हां वळून देण्याचें काम करतें. या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांना २००९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या दोन वर्षें आधीं, २००७ सालीं, असें दिसून आलें होतें कीं, ज्या घराण्यांत फायब्रोसिस पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे अशा कांहीं घराण्यांत हेंच वळणारें द्रव्य जन्मतः अधू असतें.

या दोषाला एकच प्रत पुरे होते, म्हणजे अपत्यास तो येण्याचा संभव दोहोंत एक. शिवाय मुलाला केवळ सदोष जनुकच मिळतो असें नाहीं. बापाचीं किंवा आईचीं झिजलेलीं टोकेंही तसल्याच अवस्थेंत हातीं येतात. त्यामुळें आजोबांना सत्तरीला दिसलेला विकार मुलाला साठीला व नातवाला त्याहूनही आधीं दिसूं लागतो. कांहीं वेळां नातवांत तो फुप्फुसांत न दिसतां रक्ताच्या किंवा यकृताच्या विकारानें प्रकट होतो. तिशीच्या आंत केंस पांढरे होणें हीही अशा घराण्यांतील एक खूण आहे. अर्थात् तिशींत केंस पिकलेल्या साऱ्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं, नाहींतर आमच्या परिचयांतील निम्मीं माणसें अंथरूण धरतील.

रोग्याच्या भवितव्याशीं या धाग्याचा संबंध प्रत्यक्ष आहे. ज्यांचीं टोकें आंखूड त्यांचा विकार वेगानें वाढतो, मग फायब्रोसिसचें मूळ कारण कोणतेंही असो. याहून महत्त्वाची गोष्ट औषधांची. पूर्वीं या विकारांत प्रेड्निसोलोनसारखें स्टेरॉइड व अॅझाथायोप्रिन अशीं, शरीराची प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें सर्रास देत. २०१२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत हीं औषधें घेणारे रोगी न घेणाऱ्यांपेक्षां अधिक दगावूं लागले, म्हणून तो भाग मध्येंच थांबवावा लागला. पुढें २०१९ सालीं त्याच रोग्यांचें रक्त तपासतां असें आढळलें कीं, हा अपाय मुख्यतः आंखूड टोकांच्या रोग्यांना झाला होता. घराण्याची माहिती डॉक्टरांस देणें हा केवळ उपचार नव्हे, याचा यापरता पुरावा नको. एकाला जें सोसलें तें दुसऱ्याला घातक ठरतें, आणि कोणाला काय हें कधीं कधीं आजोबांच्या इतिहासावरूनच कळतें.

आतां आपल्या देशाकडे येऊं. फुप्फुसें घट्ट होण्याच्या विकारांची हिंदुस्थानांतील एक नोंदवही २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. १९ शहरांतील १,०८४ रोग्यांची ती नोंद आहे. पाश्चात्य देशांत कारण न सांपडणारा प्रकार अधिक, तर येथें शेंकडा ४७ रोग्यांत विकार श्वासावाटे गेलेल्या कणांच्या वावड्यानें झालेला होता. पक्ष्यांची पिसें व विष्ठा आणि ओलसर एअर-कूलर हीं त्यांतील प्रमुख नांवें. कबुतरांचा येथें संबंध येतो. मुंबईंत २०२५ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर दादरचा कबुतरखाना झांकण्यांत आला, त्यावरून केवढा गदारोळ झाला तें वाचकांस स्मरतच असेल. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, शेंकडों माणसें तीच हवा घेतात आणि थोड्यांनाच हा विकार होतो. त्या थोड्यांतही कोणाचा खोकला कबुतरें दूर होतांच थांबतो, तर कोणाचीं फुप्फुसें नंतरही घट्ट होतच राहतात. २०१७ सालींच अमेरिकेंत असें आढळलें कीं, या वावड्याच्या विकारांतही ज्यांचीं टेलोमिअर आंखूड त्यांचें आयुष्य कमी भरतें. बीं रक्तांत असतें, पण पाणी बाहेरून पडावें लागतें. आणि बाहेरचें पाणी तोडणें हें आपल्या हातीं आहे. ज्या घरांत एकाला हा विकार झाला आहे, त्या घराच्या गच्चींतील कबुतरांचें घरटें दुसऱ्या दिवशीं काढून टाकावें. दया करावयाची ती इतर मार्गांनीं करतां येते.

साध्या, नित्य आढळणाऱ्या श्वासनलिकांच्या जुनाट विकाराचें, ज्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात त्याचें, काय ? त्यांत एकच मोठा दोष नसून पुष्कळ बारीक दोषांची बेरीज आहे. २०१९ सालीं जगांतील मोठमोठ्या याद्या एकत्र करून जनुकसंचांतील ८२ ठिकाणें दाखविण्यांत आलीं. प्रत्येकाचा वांटा चिमूटभर. त्यांतील पंधराव्या गुणसूत्रावरील एक ठिकाण मोठें बोलकें आहे : निकोटीन जेथें जाऊन चिकटतें त्या जागेचा तो जनुक. म्हणजे कांहीं घराण्यांत फुप्फुसाची कमजोरी उतरते तिच्याबरोबर विडी-सिगारेटची ओढही थोडी रक्तांतूनच उतरते. सवय सोडतां न येणाऱ्याला केवळ ‘मनाचा दुबळा’ म्हणून हिणवणाऱ्या वडील मंडळींनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

रक्ताचा दोष कोणता आणि घराचा कोणता हें निवडून काढण्यास एकत्र कुटुंबासारखें साधन नाहीं, असें आम्हांस नेहमीं वाटतें. त्या कुटुंबांत मुलांचें रक्त एक आणि सुनांचें निरनिराळें. परंतु चूल सर्वांची एक. आज ज्यांचें वय ऐंशीच्या घरांत आहे अशा कित्येक स्त्रियांनीं आपलीं ऐन उमेदीचीं वर्षें चुलीपुढें फुंकणी घेऊन काढलीं आहेत. तीन सुना तीन गांवांहून आल्या, कोणाचें रक्त कोणाशीं जुळत नाहीं, आणि उतारवयांत तिघींनाही धाप लागते, तर दोष रक्तांत शोधण्यांत अर्थ नाहीं. तो माजघरापलीकडच्या त्या काळ्या भिंतींवर लिहिलेला आहे. उलट, त्याच घरांतून लग्न होऊन दूर गेलेल्या मुली, एक नागपुरास, एक बेळगांवास, निराळ्या पाण्यावर, निराळ्या चुलीपुढें वाढलेल्या संसारांत, आणि त्यांना व इकडच्या भावांना एकच विकार, तर मात्र रक्ताकडे पाहावें.

परंतु नेमकी हीच माहिती आपल्याजवळ नसते. आपल्याकडे कित्येक घराण्यांनीं मोठ्या कष्टानें कुलवृत्तांत छापले आहेत. मूळ पुरुषापासून वंशावळ, कोण कोठें स्थायिक झाला, कोणी कोणती नोकरी केली, हें सारें त्यांत मिळतें. मृत्यूचें कारण सहसा नसतें. मुलीचें नांव असलें तर ‘दिली अमक्यांकडे’ येथें तिची ओळ संपते. वंश पुरुषाकडून मोजण्याची ही रीत रोगाला मान्य नाहीं; तो मुलीबरोबर सासरीं जातो आणि तिच्या मुलांत उतरतो. आमची सूचना अशी आहे कीं, ज्या घरांत छातीचा जुनाट विकार दोन पिढ्यांत दिसला आहे, तेथें कोणी तरी, शक्य तर घरांतील लिहित्या हाताच्या सुनेनें, एक वही घालावी. तींत माहेरचीं व सासरचीं, आत्याचीं व मावशीचीं, सर्वांचीं नांवें यावींत. धाप कोणत्या वयीं सुरू झाली, तंबाखू किंवा चुलीचा धूर किती वर्षें, व्यवसाय कोणता, केंस केव्हां पिकले, यकृताचा वा रक्ताचा कांहीं विकार होता कीं काय, आणि शेवट कोणत्या वयीं, एवढें लिहिलें तरी पुरे. म्हाताऱ्या माणसांना हें विचारावयाचें तर आज विचारलें पाहिजे.

लग्नाच्या प्रसंगीं अशी वही दाखवावी कीं लपवावी, असा प्रश्न पुढें येणार हें आम्ही जाणून आहों. बरींच कुटुंबें लपवितात. लपविलेली गोष्ट पुढें मुलीला सासरीं कळते तेव्हां विकारापेक्षां फसवणुकीचा घाव खोल जातो, आणि तिच्या मुलाला धाप लागली कीं दोष तिच्या माहेराच्या माथीं मारला जातो. त्यापेक्षां आधीं स्पष्ट सांगून, ‘एकच प्रत आहे, अपत्यास संभव इतका, धुरापासून जपलें तर अमुक’ असें डॉक्टरांच्या तोंडून दोन्ही घरांना ऐकविणें चांगलें. मुंबई-पुण्यास आनुवंशिक विकारांचा सल्ला देणारे वैद्यकीय तज्ज्ञ आतां आहेत. रक्ताची जनुक-परीक्षा करावयाची तर प्रथम रोग्याची करावी. त्याच्यांत दोष नेमका सांपडला तरच भावंडांच्या परीक्षेला अर्थ येतो. न सांपडल्यास निरोगी भावाचा ‘निर्दोष’ म्हणून आलेला कागद कांहींच सांगत नाहीं. जो विकार साठीला यावयाचा त्यासाठीं शाळकरी मुलांची परीक्षा करूं नये. मोठेपणीं तीं आपला निर्णय आपण करतील. त्यांच्यासमोर कोणी विडी ओढूं नये, हें मात्र आजच करतां येतें.

चुलीच्या धुरानें बायकांच्या फुप्फुसांचें काय होतें, आणि घरांत गॅस आल्यावरही तो परिणाम किती वर्षें मागें राहतो, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.